जाहिराती लागल्या की

हे मुंबईत आणि मी गावी, असाच आमचा संसार झाला. चिपळूणच्या आतल्या बाजूच्या आमच्या वाडीत निम्म्या बायकांचं हेच. रोज दोघांनी मिळून करावं असं आमच्याकडे एकच होतं, ती आठची मालिका. हे गाववाल्यांच्या खोलीत बसून बघायचे, मी इथे. जाहिराती लागल्या की फोन वाजायचा.

"काय गो, त्या सासूला पैठणीशिवाय झोप येत नाय काय?"

मी लगेच सासूची बाजू घ्यायची. भांडण तिच्यावरून निघायचं आणि आमच्या घरावर यायचं. मुलीला ताप आहे, शिमग्याला रजा मिळत नाही, मोहोर गळतोय. जे काय सांगायचं ते साबण आणि चहापूड संपायच्या आत. मालिका सुरू झाली की फोन बंद. माझी तक्रार नव्हती. तेवढ्यात सगळं मावायचं.

मग खोलीतल्या पोरांनी ह्यांच्या मोबाईलवर ॲप घालून दिलं. जगभरच्या मालिका, हव्या तेव्हा, आणि मधे जाहिरात म्हणून नाही. फोन आधी उशिरा येऊ लागला, मग एक दिवसाआड. विचारलं तर म्हणाले, "मधे थांबतच नाय गो ते." मला संताप आला. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या.

केबलवाला सांगायचा, लोक कनेक्शन तोडतायत, बघणारे कमी म्हणून जाहिराती कमी, म्हणून मालिका गुंडाळतात. आमचीही गुंडाळली. वर्षानुवर्षं सुनेला छळणारी सासू आठवड्याभरात साधुसंत झाली. मी एकटीच बघत होते, रडूसुद्धा आलं. टीव्हीचा धंदा बुडतो की तरतो, मला काय कळणार? पण ताटात दहा भाज्या वाढल्या की एकही धड पोटात जात नाही, एवढं स्वयंपाक करणारीला कळतं. हेही कुठलीच मालिका शेवटापर्यंत बघत नसत.

निवृत्त होऊन हे गावी आले. संध्याकाळी पडवीत बसायचे, हातात मोबाईल. एकदा मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "मलापण दाखवा की." कुरकुर न करता त्यांनी अर्धी बघून झालेली मालिका पहिल्या भागापासून लावली. पुढे कुणाचा खून होणार ते सांगितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "एकदा लेकीकडे जाऊन यायला हवं."

त्यांनी बोट टेकवून चित्र थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "बोल."

मी लेकीचं सांगितलं. विहिरीवरचा पंप बिघडलाय ते सांगितलं. आणि माझं बोलणं संपलं. इतक्या वर्षांत मी जाहिरातींपुरतंच बोलायला शिकले होते. हे वाट बघत होते. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

"लावू काय?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "आठवू द्या जरा."