वसमतच्या फ्रीजमधलं इंजेक्शन

शिला पाईकराव हिंगोली-नांदेड गाडीवर कंडक्टर आहे, आणि या रस्त्यावर तिला न ओळखणारा माणूस एक तर नवा जावई असतो, नाहीतर नुकताच बदलून आलेला तलाठी. तिची सगळी नोकरी वसमत डेपोतच झाली. आवाज असा खणखणीत, की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही आपला थांबा आला म्हणून उठून बसतो. भांडायला आलेल्याला ती आधी बसायला जागा देते, मग भांडते. गाडी सुटली की तिचं राज्य सुरू होतं, आणि ते राज्य तिला मनापासून आवडतं.

पण गेल्या काही वर्षांत या राज्यात फिरणं तिला जड जाऊ लागलं होतं. दोन बाळंतपणं, ड्युटीच्या वेळा बेताल, कधी डेपोच्या कँटीनचे भजे तर कधी नांदेड स्टँडवरची कचोरी, असं करता करता वजन एकशे चारवर गेलं. गुडघे बोलायला लागले. गर्दीच्या गाडीत मागपर्यंत जायचं तर माणसांना उठवत, पिशव्या उचलायला लावत जावं लागे. मग ती पुढूनच तिकिटं फाडून हातोहात मागं पाठवायची. श्रावणातल्या एका सोमवारी औंढ्याहून गाडी खचाखच भरली, ती मागं पोचलीच नाही, आणि नेमकं त्याच दिवशी तपासणी पथक चढलं. मागं तिघं बिनतिकीट निघाले. डेपोच्या साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की बाई, आता बुकिंगच्या खिडकीत बसा, तुम्हालाही आराम. शिलाला तो आराम शिक्षेसारखा वाटला. तिनं थोडी मुदत मागून घेतली. खिडकीतून रस्ता दिसत नाही, असं तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

नवरा रविंद्र पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. बोलतो कमी. तोच तिला नांदेडला डॉक्टर पुनम यांच्याकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाई वयानं शिलाहून लहान, पण घाई नसलेली. तपासण्यांत साखर वाढलेली निघाली, लिव्हरवर चरबी. आधी सहा महिने खाणं आणि चालणं यावरच भर दिला. शिलानं इमानदारीत केलं. सहा किलो गेले आणि त्यातले चार परत आले. तेव्हा डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं नाव काढलं, आणि भावही स्वतःच सांगून टाकला. महिन्याला सतरा हजारांच्या वर.

परतीच्या गाडीतून वसमतला उतरल्यावर रविंद्र एवढंच म्हणाला, की घे, चार-सहा महिने बघू. सासू जनकाबाईंना मात्र हे पटता पटेना. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बारीक व्हायला पैशे लागतेत, हे पहिल्यांदाच ऐकलं माय. आमी तर फुकटातच बारीक होतो."

शिलाही हसली. पण इंजेक्शन सुरू केलं.

औषधानं काम केलं, यात शंका नाही. पहिल्या महिन्यात मळमळ झाली, मग ती बसली. कचोरीच्या गाड्यासमोरून जाताना पाय थांबेनात. अर्ध्या भाकरीतच पोट भरल्यासारखं वाटू लागलं. डॉक्टरांनी डाळ, अंडी, मटकी वाढवायला सांगितली होती, नाहीतर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडेल. तेही तिनं पाळलं. दिवाळीनंतर डोसही एकेक पायरी वाढला. शर्टाची बटणं लागू लागली. ड्रायव्हर धर्मसिंग एकदा म्हणाला, की बाई, आरशात आता मागची काच दिसून राहिली.

मग जानेवारीत थोरल्या लेकाची, आयुषची, हॉस्टेलची फी आली, आणि शिलानं कोणालाही न विचारता एक शहाणपणा केला. इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये ठेवून दिलं आणि सुई टोचणं थांबवलं. तीन आठवडे तसेच गेले. भूक पुन्हा वाढली, तशी ती घाबरली आणि एका रविवारी पूर्वीचाच पूर्ण डोस घेऊन मोकळी झाली. आपण पैसे वाचवले, असंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरपर्यंत तिनं कसाबसा तग धरला. त्यापुढं तिला गाडी थांबवावी लागली. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसून ती इतकी ओकली, की पोटात पाणी टिकेना. गाडीतल्या बाया खाली उतरल्या. कोणी पाठ चोळली, कोणी पदरानं वारा घातला. जिच्या आवाजानं गाडी हलायची, ती त्या दिवशी मागच्या सीटवर आडवी होऊन आली. धर्मसिंगनं थेट वसमतच्या दवाखान्यापर्यंत गाडी नेली आणि प्रवाशांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही.

दोन दिवस सलाईन लागलं. नांदेडला गेल्यावर डॉक्टर पुनम यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये इतका खंड पडला तर पुन्हा खालच्या डोसापासून चढावं लागतं, हे त्यांनी कागदावर रेघ ओढून समजावलं. मग विचारलं, की पैशांची अडचण होती तर मला का सांगितलं नाही?

शिलानं खरं ते सांगितलं. डॉक्टरांपुढं पैशाचं रडगाणं गायची लाज वाटली.

"तुम्ही दिवसभर लोकांकडे तिकिटाचे पैसे मागता," डॉक्टर म्हणाल्या. "त्याची लाज वाटते का? मग भाव विचारायची का वाटावी? तुम्ही बोलला असता तर काहीतरी वाट काढली असती."

वाट होतीच. मार्चमध्ये या औषधाचं पेटंट संपणार होतं, त्यानंतर आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या तेच औषध बनवणार होत्या, भाव उतरायची आशा होती. तोवर इंजेक्शन बंद, साखरेची स्वस्त गोळी चालू, आणि दर पंधरवड्याला काट्यावर उभं राहायचं, असं ठरलं. शिवाय शिलाच्या अंगाला मधल्याच डोसानं गुण येत होता, तेव्हा पुढं वरच्या, महागड्या डोसावर जायची गरज नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं. चिठ्ठीवर त्यांनी कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून दिलं. सेमाग्लुटाईड. शिलानं ते गाडीत थांब्यांची नावं म्हणावीत तसं तीन-चारदा म्हणून पाठ केलं.

त्या दोन महिन्यांत तिच्या मोबाईलवर एक जाहिरात फिरत आली. नांदेडचा कोणी माणूस चौथाई भावात तेच औषध बाटलीतून देत होता, पावडरीत पाणी घालून घरीच टोचायचं. शिलानं फोन लावला. कंपनी कोणती, थंड कशात ठेवता, बिल मिळेल का, असं सरळ विचारलं. तो म्हणाला, बिल कशाला ताई, गुण बघा.

"बिनतिकिटाचं मला चालत न्हाई," शिला म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन किलो वाढले. ते तिनं मान्य केले. ती रोज ड्युटी संपल्यावर डेपोपासून घरापर्यंत चालत यायची आणि मार्च संपायची वाट बघायची.

एप्रिलमध्ये नांदेडच्या मोठ्या दुकानांत नवी पेनं आली. महिन्याचा खर्च चार हजारांच्या आत आला. रविंद्रनं बिल दोनदा वाचलं. पण एक पेच उरला होता. दुकान नांदेडच्या दुसऱ्या टोकाला, स्टँडवर गाडी थांबायची अर्धा तास. सुट्टी काढून जावं, तर वर पेन बर्फाच्या पिशवीत जपत, पोळणाऱ्या उन्हात वसमतपर्यंत आणावं लागे. तिनं वसमतच्या बालाजी मेडिकलमध्ये विचारलं. मालक बालाजी भला माणूस, पण व्यवहारी. तो म्हणाला, एका गिऱ्हाइकासाठी कंपनी माल पाठवत नाही, आणि पडून राहिला तर नुकसान माझं. आणखी पाच-सहा जण असतील तर बोला.

पाच-सहा जण कुठून आणायचे, हा प्रश्न घेऊन ती ड्युटीवर गेली, आणि त्याच आठवड्यात उत्तर तिच्या गाडीत चढलं.

शिरड शहापूरचे व्यंकटराव म्हणजे पन्नास एकरांचे धनी. चारचाकी गॅरेजमध्ये होती म्हणून त्या दिवशी नांदेडहून एसटीनं निघाले. मांडीवर थर्माकोलचा लहानसा डबा, वर टॉवेल गुंडाळलेला. लोक म्हणायचे, व्यंकटरावांनी एकवेळचं जेवण सोडलं म्हणून एवढे उतरले. शिलानं डबा बघितला, आणि तिला सगळं कळलं, कारण तसलाच डबा तिच्या घरी फ्रीजवर होता. वसमतला गाडी अर्धी रिकामी झाली तेव्हा ती त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली.

"काका, बर्फ बराबर हाय का? डब्याला घाम सुटून राहिला."

व्यंकटराव दचकले. आवाज खाली करून म्हणाले, "कसला बर्फ?"

"माझंबी तेच चालू हाय," शिला म्हणाली. "कितीला घेतलं तुमी?"

त्यांनी इकडं-तिकडं बघितलं आणि जुनाच, सतरा हजारांचा आकडा सांगितला. ते दर महिन्याला आपल्या ड्रायव्हरला पाठवून तेच जुनं पेन आणायचे. चारचौघांत विचारायचं नाही म्हणून नवं स्वस्त आलंय याचा पत्ताच नव्हता. शिलानं त्यांना मूळ नाव सांगितलं, डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलू नका हेही सांगितलं, आणि बालाजीची अट सांगितली. त्यांनी डब्यावरचा टॉवेल घट्ट केला. मग म्हणाले, की बाई, माझं नाव कुठं निघू देऊ नका. गावात हसतील, इंजेक्शन घेऊन बारीक झाला म्हणतील.

"तुमचं न्हाई सांगणार," शिला म्हणाली. "पण माझं मी सगळ्याला सांगते. मला काहून लाज? बीपीची गोळी खाणारा कधी लाजतो का?"

आणि तिनं खरंच सांगितलं. कोणी म्हणालं, कंडक्टर बाई, लई उतरल्या, की पूर्वी ती हसण्यावारी न्यायची. आता ती भर गाडीत सांगू लागली, की इंजेक्शन घेते, डॉक्टरनं दिलंय, शुगर हाय मला, नांदेडहून आणावं लागतं. दोन-तीन माणसं हसली. पण उतरताना दारापाशी कुणी ना कुणी रेंगाळू लागलं. हट्टा गावची एक शिक्षिका. औंढ्याचा कापड दुकानदार, ज्यानं महाग म्हणून मधेच सोडून दिलं होतं. वसमतच्याच एका पतसंस्थेतला कॅशियर आणि त्याची बहीण. ज्यांच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी नव्हती, नुसतंच बारीक व्हायचं होतं, त्यांना ती सरळ आधी डॉक्टरकडे धाडायची. चिठ्ठीवाले, तिच्यासकट, पाच जमले. सहावा हवा होता.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी हे पाचही जण बालाजी मेडिकलमध्ये आले. बालाजी मालाच्या चौकशीचे फोन लावत होता, एवढ्यात दुकानासमोर पांढरी गाडी थांबली आणि व्यंकटराव उतरले. धोतर, टोपी, हातात घडी घातलेली चिठ्ठी. दुकानात त्यांच्या ओळखीचे दोघे खत-बियाण्याचे व्यापारीही गोळ्या घ्यायला आले होते. व्यंकटराव क्षणभर दारातच थांबले. मग आत येऊन त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि शिलाशेजारच्या स्टुलावर बसले.

"माझंबी लिहा," ते बालाजीला म्हणाले. मग व्यापाऱ्यांकडे वळून, कोणी काही विचारण्याआधीच म्हणाले, "वजनाचं इंजेक्शन हाय. डॉक्टरनं दिलंय. ह्या बाईनं सांगितलं तवा कळलं, न्हाईतर मी अजून चौपटच पैशे भरत असतो."

व्यापाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. एक जण स्टूल ओढून जवळ बसला आणि आपल्या बायकोच्या साखरेबद्दल विचारू लागला. व्यंकटरावांनी त्याला शिलाकडे बोट दाखवलं.

बालाजीनं माल मागवला, आणि सहा जण ठरलेले म्हणून छापील किमतीवर थोडी सूटही दिली. फ्रीजला वेगळा इन्व्हर्टर लावला, तो रविंद्रनं स्वतः जोडून दिला. आता दर महिन्याला पेन तिथूनच मिळतं, पक्क्या बिलासकट. वेष्टनावरचा बॅच नंबर शिला बिलाशी ताडून बघते. बालाजी सुरुवातीला रागावायचा, आता स्वतःच पुढं करतो.

पावसाळा ओसरता ओसरता शिला त्र्याऐंशीवर आली. साहेबांनी खिडकीचा विषय पुन्हा काढला नाही, कारण ती आता गर्दीच्या गाडीतही शेवटच्या सीटपर्यंत जाते. डॉक्टर पुनम यांनी मागच्या भेटीत स्पष्ट सांगितलं, की औषध एकदम सोडलं तर वजन परत यायची शक्यता बरीच. काही काळ कमी डोसावर राहू, जमलं तर हळूहळू उतरवू, नाहीच जमलं तर चालू ठेवू. शिलानं विचारलं, कमी डोसाचा महिन्याला किती पडेल. डॉक्टरांनी आकडा सांगितला. तिनं मनातल्या मनात तो पगाराशी लावून बघितला आणि म्हणाली, "व्हय, एवढं जमतंय मला. फरक पडला तर आधी तुमच्याकडं येऊन बोलते."

जनकाबाईंनाही आता साखर निघाली आहे. थोडीच, गोळीवर भागण्यासारखी. परवा त्या सुनेबरोबर बालाजीच्या दुकानात आल्या, आपली गोळी हातात घेतली आणि दुकानदाराला खणखणीत आवाजात विचारलं, की हिचं मूळ नाव काय अन् ह्याहून स्वस्तातली हाय का. बालाजीनं शिलाकडे बघितलं. शिला काउंटरला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सांगा की. विचारायला काय पैशे पडतेत?"