एकोणीस दिवसांत दोन वर्षं जुनी झालेली वही

अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या आमच्या हायस्कूलमधून तोवर कुणी इंग्लंडला शिकायला गेलं नव्हतं. त्यामुळे कॉलेजचे अर्ज बघणाऱ्या आमच्या काउन्सेलरबाई माझं नाव ऐकलं की जरा घाबरायच्या. मला फ्रेंच आणि भाषाशास्त्र शिकायचं होतं, आणि तेही तिथल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात मिरवणाऱ्या विद्यापीठात. का, असं कुणी विचारलं की मी काहीतरी भारदस्त सांगायचे. खरं कारण साधं होतं. आमच्या ओळखीतली सगळी मुलं इंजिनिअर नाहीतर डॉक्टर होणार होती. जी होणार नाही तिला तेवढ्याच वजनाचं काहीतरी पुढे करावं लागतं. "मी भाषा शिकणार" म्हटलं की काकू लोक "अगंबाई" म्हणून गप्प व्हायच्या. "भाषा शिकायला इंग्लंडला जाणार" म्हटलं की प्लेटमध्ये आणखी एक बटाटावडा पडायचा.

अमेरिकन कॉलेजांना माणूस आख्खा लागतो. व्हायोलिन, पोहणं, फूड बँकेतली सेवा, आजारी आजीवरचा निबंध, सगळं त्यांना चालतं. ब्रिटिश फॉर्मला यातलं काहीच नको होतं. पानभर निवेदन, आणि त्यात फक्त विषयाबद्दल. काउन्सेलरबाईंनी माझा पहिला मसुदा खोडत खोडत खाली आणला तेव्हा चार ओळी उरल्या. त्यातल्या तीन ओळी मला फ्रेंच किती आवडतं याबद्दल होत्या.

"हे झालं आवडणं," त्या म्हणाल्या. "तू केलंयस काय?"

मी काहीच केलं नव्हतं. नाही म्हणायला माझ्या फिजिक्सच्या फाइलमध्ये एक कागद होता. बाबांना चिडवायला मी त्यांची वाक्यं त्यावर लिहून ठेवायचे: 'लॉन मो करून घेतो', 'तू उगाच माइंड करू नको', 'गाडी सर्व्हिस करून आणली'. अशी बारा वाक्यं होती. त्या संध्याकाळी मी त्या कागदाकडे बघितलं आणि निवेदनात लिहिलं की गेली दोन वर्षं मी आमच्या गावातल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यातल्या मिश्र क्रियापदांची नोंदवही ठेवते आहे. वाक्य इतकं छान उतरलं की मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

शिफारसपत्र फ्रेंचच्या बाई लिहिणार होत्या. त्यांनी निवेदन वाचलं आणि चष्मा काढला.

"दोन वर्षं? मला कधी बोलली नाहीस. वही घेऊन ये, मी पत्रात तिच्याबद्दल लिहीन."

"ती माझ्या मावशीकडे आहे," मी म्हणाले. "शिकागोजवळ, शॉमबर्गला."

"मग पाठवायला सांग."

"सांगते. पण तीन आठवडे लागतील."

"पोस्टाला?"

"मावशीला."

अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर होती. बाईंना पत्रासाठी दोन दिवस दिले तर माझ्याकडे एकोणीस दिवस उरत होते. दुसऱ्या दिवशी मी तारेच्या बाइंडिंगची एक वही घेतली, बाबांची बारा वाक्यं पहिल्या पानावर उतरवली आणि कामाला लागले.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. आई नागपूरच्या तिच्या बहिणीशी रोज फोनवर बोलायची आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून लिहायचे. एका फोनमध्ये मला नऊ क्रियापदं मिळाली. चौथ्या दिवशी आईने मान वर केली आणि मी दिसले.

"तू माझे फोन ऐकतेस?"

"इट्स फॉर कॉलेज."

"मग ठीक आहे," आई म्हणाली, आणि फोन स्पीकरवर टाकला.

खरा माल मात्र शनिवारच्या पॉटलकला मिळायचा. आमच्याकडे आठ-दहा घरं आहेत, पुण्याची, मुंबईची, नागपूरची. दर दोन आठवड्यांनी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये सगळे एकेक पदार्थ घेऊन जमतात आणि जेवताना एकाच वेळी बोलतात. वर स्वयंपाकघरात भजी तळली जात होती तिथे मी एका कोपऱ्यात उभी राहून लिहीत होते. तेवढ्यात त्या घरच्या काकूंनी माझ्या खांद्यावरून वहीत डोकावून बघितलं. त्यांना त्यांचंच वाक्य दिसलं: 'सुनेने परत प्लॅन चेंज केला, मी काही रिअ‍ॅक्ट केलं नाही.'

"हे काय लिहितेस?"

मी खरं सांगितलं, की कोण कसं मराठी बोलतं ते लिहून इंग्लंडला पाठवणार आहे. त्यांनी झारा खाली ठेवला आणि बेसमेंटमध्ये गेल्या. दोन मिनिटांत खालचा आवाज बंद झाला. पुन्हा सुरू झाला तेव्हा मी खाली गेले, तर तिथली माणसं बदललेली होती.

"जरा ती कोशिंबीर पुढे सरकवता का?" एक काका म्हणाले. हे काका एरवी 'सॅलड पास कर' यापलीकडे गेलेले मी ऐकले नव्हते. दुसऱ्यांनी काल आपण दूरध्वनी केला होता असं सांगितलं. घरच्या काकू मायक्रोवेव्हपाशी येऊन अडल्या, थोडा वेळ विचार केला आणि "त्यात गरम करा" म्हणून बोटाने दाखवलं. त्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला, माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "व्हॉट इज राँग विथ माय मॉम?"

पुढच्या पॉटलकलाही तेच. मी खोलीत शिरले की शुद्ध मराठी सुरू व्हायचं आणि बाहेर गेले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकून 'एन्जॉय' करायला लागायचे. मी दाराआड उभी राहून लिहायला लागले. फक्त एक काका बदलले नाहीत. ते निवृत्त सर्जन, तरुणपणी काही वर्षं इंग्लंडच्या हॉस्पिटलमध्ये काढलेले. "लिही यार," ते म्हणाले. "मी फिफ्टी इयर्स असंच बोलतोय, आता काय इम्प्रूव्ह होणार?"

त्यांनी मला मुलाखतीची शिकवणीही दिली. त्यांच्या मते इंग्रज माणूस कधी नाही म्हणत नाही, तो 'इंटरेस्टिंग' म्हणतो. "इंटरेस्टिंग ऐकलंस की समज, पेशंट गेला."

सतराव्या दिवशी वही भरली, पण ती नवीकोरी दिसत होती. मी चार वेगवेगळी पेनं वापरून तारखा टाकल्या, टेन्थ ग्रेडपासूनच्या. कोपरे दुमडले. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटवलं. तरी कागद फारच पांढरा वाटला, म्हणून वही मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. बाइंडिंगची तार मी विसरले होते. आतून ठिणग्या उडाल्या आणि कागद करपल्याचा वास आला, तसे बाबा स्वयंपाकघरात आले.

"काय गरम करतेस?"

"होमवर्क."

त्यांनी मायक्रोवेव्ह बंद केला, वही बाहेर काढली, एक कडा तपकिरी झालेली बघितली, पहिल्या पानावरची स्वतःची बारा वाक्यं वाचली, आणि मला परत दिली. जाताना दारातून एवढंच म्हणाले, "लॉन मो करणं यात चूक काय आहे?"

फ्रेंचच्या बाई मात्र वहीवर बेहद्द खूश झाल्या. त्यांनी पत्रात इतकं लिहिलं की नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाने लेखी कामाचा नमुना मागितला तेव्हा वहीतलीच पानं पाठवणं भाग पडलं. मी बारा पानं स्कॅन करून, सोबत इंग्रजी भाषांतर जोडून पाठवली. तोपर्यंत मला काहीच टोचत नव्हतं. डिसेंबरमध्ये ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आल्यावर टोचायला लागलं.

वेळेच्या फरकामुळे मुलाखत आमच्या सकाळी सातला होती. बाबांनी घराची बेल काढून ठेवली. आईने कुकर लावायचा नाही असं जाहीर केलं आणि माझ्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. स्क्रीनवर दोघं होते. फ्रेंचचे एक प्राध्यापक, अंगात मोठा स्वेटर. आणि भाषाशास्त्राच्या एक बाई, पांढऱ्या केसांच्या, मागे पुस्तकांचा ढीग कलंडायला आलेला.

प्राध्यापकांनी फ्रेंचमधला एक उतारा दिला. त्यात मी तीन ठिकाणी अडखळले आणि चौथ्या ठिकाणी थांबलेच. त्यांनी मान हलवून "थँक यू" म्हटलं, आणि मग बाईंनी माझी पानं समोर धरली.

"तुमच्या वहीत 'कॅन्सल केलं' आहे आणि 'कॅन्सल झालं'ही आहे," त्या म्हणाल्या. केलं आणि झालं हे शब्द त्यांनी मन लावून, पण अगदी विचित्र उच्चारले. "फरक काय?"

"केलं म्हटलं की कुणीतरी केलेलं असतं," मी म्हणाले. "झालं म्हटलं की कुणाचाच दोष नसतो. आमच्या एक काकू जेवणाला यायचं टाळतात तेव्हा नेहमी 'कॅन्सल झालं' म्हणतात."

त्या हसल्या. मग विचारलं, 'ड्राइव्ह झालं' चालेल का? 'बोअर झालो' चालतं तर 'बोअर केलं' कुठे चालतं? मी उत्तरं देत गेले, मध्येच माझंच उत्तर खोडत गेले. पॉटलकला मी वही काढल्याबरोबर सगळे कसे शुद्ध बोलायला लागले तेही सांगितलं. वीस मिनिटं गेली असतील. मला आठवतं, मी खुर्चीच्या टोकावर आले होते आणि इतकी मजा मला वर्षभरात आली नव्हती.

"हे फार इंटरेस्टिंग आहे," बाई म्हणाल्या.

मला सर्जन काका आठवले.

"आणि हे पान," त्यांनी पान उलटलं. "यावर टेन्थ ग्रेडची तारीख आहे. तुमच्याच भाषांतरानुसार इथे एक बाई तुम्हाला विचारतात, 'तू इंग्लंडला अप्लाय केलंस का?' तुम्ही दोन वर्षांपूर्वीच आमच्याकडे अर्ज करत होतात?"

दाराबाहेर आईची खुर्ची करकरली.

"ही तारीख," बाईंनी शांतपणे विचारलं, "हे 'झालं' आहे, की 'केलं'?"

"केलं," मी म्हणाले.

स्वेटरवाले प्राध्यापक पहिल्यांदाच पुढे झुकले. बाईंनी विचारलं, वहीला खरे किती दिवस लागले. मी एकोणीस म्हणाले. वाक्यं खरी आहेत का, असंही त्यांनी विचारलं. ती सगळी खरी आहेत, फक्त तारखा खोट्या आहेत, मी सांगितलं. चहाचं वर्तुळ आणि मायक्रोवेव्ह या गोष्टी कुणी विचारल्या नव्हत्या, पण एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना, त्याही सांगितल्या.

"एकोणीस दिवसांत हे बरंच काम आहे," बाई म्हणाल्या. "तारखा टाकण्यात वेळ घालवला नसता तर आणखी झालं असतं." आणि वेळ संपली.

मी बाहेर आले तर आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी ओरडा खायच्या तयारीत होते, पण ती म्हणाली, "कुकर लावू का आता?" जेवताना मात्र ती एकदाच बोलली. "मला विचारायचं होतंस. माझ्याकडे दोन वर्षांची वाक्यं असतीच." त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी दुपारी फ्रेंचच्या बाईंना जाऊन खरं सांगितलं. त्या आठवडाभर माझ्याशी फक्त फ्रेंचमध्ये बोलल्या, आणि फार भरभर.

जानेवारीत नकार आला, दोन ओळींचा. मी धरून चालले होते की खोटं भोवलं. घरातही सगळ्यांनी तेच धरलं, आणि बाबांनी त्यावर एक छोटं भाषणही दिलं. मग काही आठवड्यांनी, मागितल्यावर, विद्यापीठाने कारणं कळवली. त्यात लिहिलं होतं की वहीवरची चर्चा त्या दिवसातली सगळ्यात चांगली होती, पण उमेदवाराचं फ्रेंच अभ्यासक्रमाला पुरेल इतकं पक्कं नाही. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि भाषण मागे घेतलं नाही.

त्याच फॉर्मवर मी स्कॉटलंडच्या एका जुन्या विद्यापीठातही अर्ज केला होता, आणि त्यांनी मला मुलाखतीशिवायच घेतलं होतं. मी त्यांनाही तारखांबद्दल ईमेल पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं की कळवल्याबद्दल आभार, आणि हॉस्टेलचा फॉर्म लवकर भरा. आई ओळखीत सगळ्यांना "ती यूकेला चाललीये" एवढंच सांगायची. समोरच्याला जे विद्यापीठ आठवायचं ते त्याला आठवू द्यायची. मी मध्ये पडले नाही.

तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरने मला काहीतरी विचारलं. इंग्रजीच होतं. मी तीनदा "सॉरी?" म्हटलं, तिन्ही वेळा त्याने तेच वाक्य त्याच प्रेमाने म्हटलं, आणि मला एक शब्द कळला नाही. शेवटी त्याने हाताने पुढची सीट दाखवली. मी त्याच्या अगदी मागे बसले, चढणाऱ्या प्रत्येकाशी तो काय बोलतो ते ऐकत राहिले, आणि माझा स्टॉप आला तरी उतरले नाही.