लहान आधी

"लहान आधी, मोठं नंतर!" असं म्हणून सर खडूने फळ्यावर दोनदा टकटक करायचे. त्यानंतर शंका विचारायची नसते, हे महाडमधल्या त्यांच्या क्लासच्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं.

बुटकी मुलं पुढे, उंच मागे, हे ठीक. पण सर गुणोत्तरंही तशीच लिहायचे. मुली बारा, मुलगे आठ. मुलींचं मुलग्यांशी गुणोत्तर काय? चारने भागून तीनास दोन. सरांचं उत्तर २ : ३. शाळेत मुलांचे गुण जायचे आणि सर शाळेला नावं ठेवायचे.

मी तिथे इंग्रजी माध्यमाची बॅच घ्यायचे. एकदा धीर करून हळूच म्हटलं, "सर, ज्याचं नाव आधी, त्याचा आकडा आधी ना?"

"तुमच्या कॉन्व्हेंटात असेल, मॅडम!"

वर्ग हसला. मी पुन्हा तो विषय काढला नाही. असे सर तुम्हीही पाहिले असतील. भागाकार बिनचूक, उत्तर उलटं आणि आवाज मात्र खणखणीत.

शिष्यवृत्तीच्या बॅचमध्ये एकच जागा उरली होती. पालकसभेच्या दिवशी उमरठहून एक बाई त्यासाठी सातवीतल्या लेकीला घेऊन आली. सरांनी जाहीर केलं, "सगळ्यांसमोर एक गणित. सुटलं तर जागा हिची."

टेबलावर पालकांच्या सरबताची तयारी होती. तिकडे बघूनच त्यांना गणित सुचलं. "पाणी दहा वाट्या, कोकम सिरप दोन वाट्या. पाण्याचं सिरपशी गुणोत्तर?"

मुलीने १० : २ लिहिलं, दोनने भागलं आणि खाली लिहिलं, ५ : १.

सरांनी ते पुसून १ : ५ केलं. टकटक. "लहान आधी! चुकली."

"पन सर, तुमी पाणी पयलं विचारलंत ना?"

"गप गो!" आईने तिचा हात ओढला. "सरांना कळत नाय काय?" पण आईचाच चेहरा पडला होता.

"वाद नको," सर म्हणाले. "फळ्यावर लिहिलंय तसं सरबत कर."

मुलीने केलं. पाणी एक वाटी, सिरप पाच वाट्या. मुद्दाम की निमूटपणे, तिच्या तोंडावरून काही कळेना. पहिला ग्लास तिने सरांच्या हातात दिला.

सरांना मधुमेह होता. एक घोट घेऊन ते थांबले. फळ्याकडे पाहिलं, त्या आईकडे पाहिलं. "सर, राहू द्या," मी म्हटलं. पण चुकलो म्हणण्यापेक्षा या माणसाला साखर परवडली. त्यांनी ग्लास रिकामा केला.

"कसं झालंय, सर?" आईने भीतभीत विचारलं.

"गोड." मिशी लाल झाली होती. "सोमवारपासून पाठवा हिला."

मग त्यांनी फळा पुसला. बरोबर उत्तर काही लिहिलं नाही.

पुढे क्लास बंद करून ते मुलाकडे पनवेलला निघाले, तेव्हा मला एसटी स्टँडवर दिसले. सुट्टी संपल्याची गर्दी. दारात आडवा हात धरून सर मोठ्यांना अडवत होते आणि पोरांना आत सोडत होते. "लहान आधी, मोठं नंतर!" बसच्या पत्र्यावर टकटक.

ते चढले तेव्हा एकही जागा उरली नव्हती. गाडी वळली. मागच्या काचेतून दिसलं, दांडा धरून सर उभे होते, आणि बसलेल्या कुणाला तरी काहीतरी समजावत होते.