मावशीची हजेरी

माझ्या थोरल्या मावशीने मनात घेतलेली गोष्ट झाली नाही, असं नगर शहरात कुणीही पाहिलेलं नाही. ज्यांनी तिच्या आड येऊन पाहिलं त्यांना विचारावं म्हटलं तर तीही सोय नाही, कारण त्यांतले बहुतेक पुढे तिच्याच बाजूने बोलायला लागले. आमच्या गवळ्याचंच घ्या. दूध पातळ येतंय असा मावशीला संशय आला. भांडण वगैरे तिने काही केलं नाही. ती पहाटे उठून, डोक्यावरून पदर घेऊन, त्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहायला लागली. बोलायची नाही, नुसती उभी. गवळी आठवडाभर टिकला. मग तो म्हैसच गल्लीत आणून मावशीच्या पायरीशी पिळायला लागला. त्या म्हशीला या गोष्टीची इतकी सवय झाली की पुढे ती दुसऱ्या मालकाकडे गेली तरी चरून परतताना मावशीच्या दारापाशी थांबायची आणि मान आत घालून बघायची.

अशा बाईचा नवरा कसा असावा, तर अगदी आमच्या काकांसारखा असावा. काका जकात नाक्यावर कारकून होते. आवाज इतका हळू की त्यांनी "थांबा" म्हटलेलं बैलांना कळायचं, पण गाडीवानाला कळायचं नाही. घरात ते बोलत त्यातलं निम्मं मिशीतच राहायचं. मावशीचा त्यांच्यावर भारी जीव, आणि तो जीव तिने एकाच गोष्टीत साठवून ठेवला होता: ती त्यांचं नाव घेत नसे. आता आमच्याकडच्या पुष्कळ बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण सणासमारंभाला उखाण्यात का होईना घ्यायच्या. मावशी उखाण्यातही घ्यायची नाही. लग्नात गृहप्रवेशाच्या वेळी बायकांनी दार अडवलं, तेव्हा ही दहा-अकरा वर्षांची पोर उन्हं कलेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि शेवटी सासूलाच कणव येऊन तिने हिला आत घेतलं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं तिच्या आईने तिला लहानपणी सांगितलं होतं, आणि मावशीने ते सरकारी हुकमासारखं पाळलं.

त्यातून काकांचं नाव होतं रामचंद्र. म्हणजे पंचाईत बघा. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर दिवसातून एखाद्या वेळी अडलं असतं. रामाशिवाय मराठी माणसाचा दिवस कसा जायचा? मावशी रामफळाला 'सीताफळाचे यजमान' म्हणायची. रामनवमीला 'चैत्रातली ती नवमी'. वाटेत कुणी "राम राम" घातला तर हात जोडून म्हणायची, "तुम्हालाही तेच."

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. निजामाच्या मुलखात गडबड चालली होती आणि हद्द ओलांडून माणसं पाथर्डीच्या बाजूने गाड्या जुंपून येत होती. अशीच एक बाई तान्हं मूल घेऊन मावशीच्या ओट्यावर टेकली. मावशीने तिला भाकरी दिली, मुलाला दूध दिलं. ती म्हणाली, "लई हाल झालं बाई. हद्दीच्या नाक्यावर समदे बापे इचारीत हुते, आन् आमी बायका गपगार. तिथं एक तरी बाईमानूस पायजे हुतं." झालं. ती बाई पुढे गेली, पण तिचं हे वाक्य मावशीच्या ओट्यावरून काही हललं नाही.

त्याच सुमारास शहरात बायकांचं रक्षक पथक उभं राहत होतं. शिक्षण झालं की परीक्षा, आणि परीक्षेत उतरतील त्यांना हद्दीकडून येणाऱ्या माणसांसाठी उघडलेल्या तिसगावच्या छावणीवर नेमणूक. मुलींच्या शाळेत नावं घेत होते. मी त्याच शाळेत नुकती मास्तरीण झाले होते. मावशी तिथे आली, टेबलापाशी उभी राहिली, आणि आधी माझं नाव लिहायला लावून मग स्वतःचं सांगितलं. मला विचारण्याचा प्रश्न नव्हता. लिहून घेणाऱ्या बाई चाचरत म्हणाल्या की वयाची अट आहे, तरुण मुली हव्यात. मावशी म्हणाली, "मग लिहा ना तरुण. मी कुठं नको म्हणतेय?" चाळिशी केव्हाच उलटून गेलेली ती, तरुण म्हणून भरती झाली.

शिकवायला एक हवालदार होते, पारनेरकडचे, लढाईत आफ्रिकेपर्यंत जाऊन आलेले. ते बायकांच्या डोळ्याला डोळा म्हणून देत नसत. आमच्या डोक्यावरून पलीकडच्या कडुलिंबाकडे बघत हुकूम सोडत. पहिल्याच दिवशी त्यांनी मावशीला वडीलधारी समजून "राम राम बाई" केलं आणि उत्तरादाखल "तुम्हालाही तेच" ऐकून ते बराच वेळ गोंधळलेले होते. पुढे गोंधळायला त्यांना सवडच मिळाली नाही. मावशी नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून आणि काकांच्या कॅनव्हासच्या बुटांत कापूस कोंबून यायची. 'अबाउट टर्न' म्हटलं की सगळी रांग वळायची, ही समोर तोंड करून उभी. "बाई, वळा की." "शत्रू समोर आहे म्हणालात ना आत्ता? मग पाठ कशाला दाखवायची त्याला?" दोरीखालून सरपटत जायचं होतं त्या दिवशी हवालदार म्हणाले, "तुमी ऱ्हाऊ द्या बाई, गुडघं दुकतील." झालं, एवढं म्हणायला नको होतं. मावशी आमच्या आधी दोरीखाली शिरली, कोपरं सोलवटून पलीकडून निघाली आणि लुगड्याची माती झटकत म्हणाली, "दर सणाला एवढं घर सारवते मी, गुडघ्यांवर. तेव्हा कुणी राहू द्या म्हणालं नाही ते." त्यावर हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. जर्मन परवडला, असं ते शाळेच्या शिपायाजवळ म्हणाल्याचं मागाहून कळलं.

घरीही शिक्षण सुरूच. मावशी स्वयंपाकघरातून तुळशीपर्यंत पाय आपटत जायची आणि तांब्या खांद्याला लावून परतायची. काका संध्याकाळी नाक्यावरून थकून येत, तो दारात काठी आडवी.

"थांबा! कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण? पुरं नाव सांगा."

"रामचंद्र पिंगळे," काका मिशीत म्हणत.

"मोठ्याने!"

बिचारे काका स्वतःच्या घरात शिरायला स्वतःचं नाव तीन-तीनदा ओरडून सांगत, आणि शेजारीपाजारी खिडक्यांत येत. मला वाटतं, काकांना ते आवडत असावं. निदान त्या निमित्ताने घरात त्यांचं नाव तरी निघायचं.

खरी अडचण होती ती हजेरीची. हवालदार यादी वाचत नसत. प्रत्येकीने पाऊल पुढे टाकून स्वतःचं पुरं नाव ओरडून सांगायचं, आणि आवाज मैदानापलीकडच्या कडुलिंबापर्यंत गेला पाहिजे. रात्री पहाऱ्यावर जिचा आवाज फुटत नाही तिचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. दुसऱ्या लग्न झालेल्या बायका आधी लाजल्या, मग एकमेकींकडे बघून हसल्या आणि घेऊन मोकळ्या झाल्या. मावशी पाऊल पुढे टाकायची, "यशोदा" म्हणून खणखणीत आवाज द्यायची, आणि मग थेट "पिंगळे."

"मधलं ऱ्हायलं की बाई."

"ते समजून घ्या."

"समजून घ्यायचं न्हाई. कायदा हाय."

दोन-तीन दिवस हे असं चाललं. आणि चौथ्या दिवशी मावशीने "यशोदा" म्हटल्याबरोबर मैदानाच्या कुंपणापलीकडून एक पुरुषी आवाज चिरकत आला, "रामचंद्र!" कामावर निघालेले आमचे काका काळी टोपी सावरत, डबा हातात धरून तारेपाशी उभे होते. मावशीने मागे न बघता "पिंगळे" म्हणून नाव पुरं केलं आणि पाऊल मागे घेतलं. सगळी रांग खुसखुसायला लागली. हवालदारांनी कडुलिंबाकडे बघितलं, कुंपणाकडे बघितलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. त्या दिवसापासून काका रोज हजेरीला येऊ लागले. ज्या माणसाचा आवाज गाडीवानापर्यंत पोचत नसे, त्याचं नाव त्याच्याच तोंडून रोज सकाळी कडुलिंबापर्यंत जायला लागलं. चालायचं ते, पण परीक्षेला हे चालणार नाही, असं हवालदारांनी मावशीला खाली मान घालून सांगून ठेवलं होतं. "सायबीन येनार हाय पुन्याची. तिला आसलं खपनार न्हाई. तुमचं तुमीच म्हनायचं."

परीक्षेच्या आदल्या रात्री काकांना हिवताप भरला. सकाळी मी मावशीला न्यायला गेले, तर काका दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होते आणि मावशी बूट हातात घेऊन पलंगापाशी बसली होती. तिला तसं बसलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मावशी नेहमी उभी असायची. काका म्हणाले, "जा. ती ओट्यावरची बाई काय म्हणाली होती, विसरलीस का?" मावशी उठली. वाटभर ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. शाळेच्या फाटकाशी मात्र थांबून म्हणाली, "कुसुम, आधीच ताप आहे गं त्यांना. आजच घ्यायचं का?" लहानपणापासूनची तिची समजूत खुळी आहे असं मी मास्तरीण म्हणून सांगू शकले असते, पण घोंगडीखालचे काका डोळ्यांपुढून जात नव्हते.

तिने काठी चालवली, सरपटली, 'अबाउट टर्न'लासुद्धा वळली. मग हजेरी. मावशीने पाऊल पुढे टाकलं. "यशोदा." आणि सवयीने तिची नजर कुंपणाकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. पुण्याच्या बाई पेन्सिल धरून थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, स्वतःचं नाव सांगताना अडलात, तर उद्या दुसऱ्याला अडवणार कशा?" हवालदारांनी मान वळवली. मावशीने डोळे मिटले, आणि मग जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. "रामचंद्र!" कडुलिंबावरचे कावळे उडाले. त्या नावात काकांचा सगळा साधेपणा होता, तिचा सगळा हट्ट होता आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या त्या पोरीची भीतीही होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. "पिंगळे," म्हणून ती मागे सरली, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "उदंड आयुष्य असो."

"रांगेत बोलायचं न्हाई बाई," हवालदार घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुमच्याशी नाही बोलले," मावशी म्हणाली.

आम्ही घरी आलो तर काकांना घाम सुटून ताप उतरला होता. मावशीने कपाळाला हात लावून पाहिला आणि ती देवापुढे जाऊन बराच वेळ बसली. ती आत आहे असं बघून काकांनी मला जवळ बोलावलं.

"घेतलं?"

"घेतलं."

"कसं घेतलं गं?" मी म्हणून दाखवायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "तू नको म्हणूस." आणि ते हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. "इतकी वर्षं झाली, आणि नेमका मी घोंगडीखाली."

आम्हाला तिसगावची नेमणूक मिळाली. छावणीवर मावशीने काय काय केलं ते सांगायला बसले तर पुरणार नाही. येणाऱ्या बायका तिच्या गळ्यात पडून रडत आणि ती त्यांना थोपटत आधी चुलीकडे न्यायची, प्रश्न मागाहून विचारायची. आणि रोज संध्याकाळी, आमच्याबरोबर तिथे आलेल्या हवालदारांपुढे, हजेरी व्हायची. मावशी नाव घ्यायची, आयुष्य पुटपुटायची, आणि आता तिला हवालदारही काही म्हणत नसत.

एका रविवारी हजेरीला रांग लागली आणि मला कडब्याने भरलेल्या गाडीमागे एक काळी टोपी दिसली. मी रांगेच्या टोकाला होते म्हणून मला दिसली. मावशीला दिसणं शक्य नव्हतं, कारण काकांनी जागाच तशी धरली होती. आपल्याला बघितलं तर तिचा आवाज बंद होईल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मावशीने पाऊल पुढे टाकलं आणि नाव घेतलं. नेहमीसारखंच, खणखणीत. काकांनी टोपी काढून हातात घेतली होती. डोळे मिटलेले होते. रांग मोडल्यावर मी गाडीकडे धावले, तर त्यांनी माझ्या हातात भाकरी-चटणीचं फडकं ठेवलं. "गाडीवानाबरोबर पाठवलं म्हणून सांग. मी आलो होतो म्हणू नकोस, नाहीतर उद्यापासून ती धास्तीनं गप्प होईल." इतकं मोठ्याने आणि स्वच्छ बोललेले काका मी पहिल्यांदाच ऐकले. मग ते परतीची मोटार गाठायला भराभर निघून गेले.

रात्री जेवताना मावशीने फडकं सोडलं आणि चटणीचा वास घेतला.

"ते नाही ना आले?"

"नाही."

"बरं झालं. आले असते तर माझ्या तोंडून नाव निघालं नसतं." तिने भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो हातात तसाच धरून ती बराच वेळ अंधारातल्या रस्त्याकडे बघत राहिली. मग अगदी काकांसारख्या हळू आवाजात म्हणाली, "पण यायला हवे होते गं."

मी काकांना शब्द दिला होता. मी खाली मान घालून जेवत राहिले.