पायी जाणाऱ्या काकू

न्यू जर्सीतल्या आमच्या कॉलनीत भाजी आणायला पायी जाणारी माणसं दोनच होती, आणि दोघांचं वय मिळून एकशेबेचाळीस. बाकी आम्ही सगळे धडधाकट आयटीवाले, कोपऱ्यावरच्या डब्यात पत्र टाकायलाही गाडी काढणारे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहाला काकू निघायच्या. खांद्याला कापडी पिशवी, साडीवर मुलाची जुनी हुडी, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्‌स शूज. मी घरूनच काम करते, त्यामुळे मीटिंगमधला कॅमेरा बंद करून खिडकीशी जाऊन ही मिरवणूक बघणं हा माझा ठरलेला कार्यक्रम होता.

काकू म्हणजे शेजारच्या समीरची आई. नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. काका पाटबंधारे खात्यातले. समीरने दोघांना ग्रीन कार्डावर आणलं, तेव्हा येईल-जाईल त्याला तो सांगायचा, "आई-बाबा आता कायमचे आलेत बरं का!" तो हे बोलत असताना काकूंना हटकून स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं.

देशी दुकान गाडीने तीन मिनिटांवर होतं, यांना पोचायला पस्तीस मिनिटं लागत. फुटपाथ थोडाच, नंतर नुसतं गवत. काका चार पावलं पुढे, काकू मागे. एकदा मी त्यांना म्हटलं, "काकू, जरा बरोबरीनं तरी चालत जा." त्यावर म्हणाल्या, "अगं, पंचेचाळीस वर्षं हे असेच पुढे चालतात. इथे रस्त्याला जागाच नाही म्हटल्यावर आमची ती खोड उपयोगी पडली बघ." सिग्नलला गाड्या थांबल्या की काका प्रत्येक गाडीला हात उंचावून आभार मानायचे. ड्रायव्हर बिचारे गोंधळून त्यांनाही हात करत.

दुकानात मी त्यांना दोन-तीनदा गाठलं आहे. काकू भेंडी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघायच्या. कट्‌कन मोडलं तर पिशवीत, नाही तर परत ढिगात. शेवटी दुकानदाराने तीन भाषांत पाटी लावली की कृपया भेंडी मोडून पाहू नये. काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. काकूंनी लक्षपूर्वक ऐकलं. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाल्या, "लोकांनी उगाच मोडू नयेत," आणि पुढची भेंडी मोडली. हा नियम लोकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शाळेत मुलांना सगळे नियम त्यांनीच शिकवले होते ना!

त्या एका वेळची भाजी आणायच्या, बस. समीर महिन्याचं सामान एकदम भरणारा माणूस. त्याचा फ्रिज उघडला तर अंगावर काहीतरी पडायचंच. तो वैतागायचा, "आई, एकदाच लिस्ट दे ना, मी सगळं उचलून आणतो." त्या म्हणायच्या, "हो, देते." आणि यादीत कोथिंबीर, आलं, कढीपत्ता असलं काहीतरी हमखास राहायचं. इतक्या हुशार बाई, पाढे तिसाच्या पुढचे तोंडपाठ, आणि कोथिंबीर विसरतात? मी एकदा विचारलंच. काकू हसल्या. "काहीतरी राहू द्यायचं गं. राहिलं की परत जाता येतं. त्या गल्ल्यावरच्या गुजराती बाई मला विचारतात, आज देर हो गई क्या? या अख्ख्या देशात मला उशीर झाला तर कळणारी तेवढी एकच बाई आहे."

मला तेव्हा हे मजेशीर वाटलं. मी ते नवऱ्याला हसत हसत सांगितलं सुद्धा. आता लाज वाटते.

मग तो शुक्रवार आला. परतीच्या वाटेवर, जिथे गवत अरुंद होतं तिथे, यांच्या शेजारी पोलिसांची गाडी येऊन थांबली. दोन म्हातारी माणसं रस्ता चुकल्यासारखी हिंडतायत, असा कोणीतरी भल्या माणसाने फोन केला होता. पोलीस तरुण होता, नम्र होता. "घरी सोडू का?" म्हणाला. आता हे दोघं घाबरतील की नाही? पण काकूंना वाटलं, काय सुधारलेला देश आहे, वडीलधाऱ्यांसाठी ही सोयसुद्धा आहे! त्या काकांना म्हणाल्या, "अहो, बसा." दोघं मागच्या सीटवर ऐटीत बसून घरी आले. दारात काकूंनी त्या पोलिसाला चहाचा आग्रह केला. तो नको नको म्हणाला, तर रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून पिशवीतली दोन केळी त्याच्या हातात कोंबली आणि आपल्या स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, "मंगळवारी आम्ही साडेदहाला निघतो. तुम्हाला सोयीचं असेल तर या."

हे सगळं दारावरच्या कॅमेऱ्यात दिसत होतं, आणि समीर ते ऑफिसात फोनवर बघत होता. आवाज बंद. नुसता आपल्या आई-वडिलांच्या शेजारी उभा असलेला पोलीस. मीटिंग अर्धी टाकून तो वीस मिनिटांत घरी आला. त्याचा चेहरा मी पाहिला आहे, पांढराफटक पडला होता. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे पुढचं सगळं ऐकू आलं. "आई, इट्‌स नॉट सेफ! इथे कोणी चालत नाही!"

"म्हणूनच रस्ता मोकळा असतो रे," काकू म्हणाल्या.

"उद्या एखाद्या ट्रकने उडवलं तर? मी काय करू? सांग ना, काय करू मी?" त्याचा आवाज फुटला.

पायी जाणं बंद झालं. समीरने ॲप घेतलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दारात कागदी पिशव्या येऊन पडू लागल्या, त्यात कोथिंबीर कधीच राहत नसे. साडेदहा वाजता मी सवयीने खिडकीशी जायची आणि परत येऊन मीटिंगमध्ये बसायची. एकदा काकूंना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "समीरचंही बरोबर आहे हो, काकू." त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. तेच तर. चुकत असता तर भांडले असते."

मग माझ्यातली समाजसेविका जागी झाली. एका शनिवारी मी दोघांना माझ्या गाडीत घातलं, दुकानात नेलं, ट्रॉली ढकलली, वर परत येताना कॉफीही पाजली. आता काकू खूश होतील म्हणून मी वाट बघत होते. गाडीतून उतरल्यावर त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "फार गुणाची आहेस. पण तू नेलंस गं, आम्ही गेलो नाही." मला राग आला. एवढा शनिवार खर्ची घातला आणि हे ऐकायचं! रात्रभर मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. सकाळपर्यंत एकही धड उत्तर सापडलं नव्हतं.

दिवाळीनंतर काकूंनी जाहीर केलं, आम्ही नाशिकला परत जातो. समीर आधी चिडला, मग रडकुंडीला आला. "इथे तुम्हाला काय कमी आहे, ते तरी सांगा." काका म्हणाले, "काहीच नाही रे. तुझ्या आईला काहीतरी कमी लागतं." समीरला कळलं नाही. मला कळलं होतं, पण मी शेजारीण. काय बोलणार?

विमानतळावर सामानासाठी दुसरी गाडी लागली म्हणून मी गेले होते. समीरने काळजीने दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवल्या होत्या. आपल्याकडचे सगळेच आई-वडील तिथे व्हीलचेअरवर दिसतात, नंतर विमानातून उतरून टुणटुणीत चालायला लागतात. काका ताबडतोब बसले. त्यांना मान मिळालेला आवडायचा. काकू मात्र खुर्चीकडे न बघता पुढे निघाल्या, भराभर, आणि पहिल्यांदाच काका त्यांच्या मागे राहिले. समीर काचेशी बराच वेळ उभा होता.

दीड वर्षाने काका गेले. समीर धावत गेला, तिथे महिनाभर राहिला. आईला घेऊनच येतो, म्हणाला होता, पण एकटा परतला. येण्याआधी मात्र त्याने तिथली सगळी व्यवस्था लावली. तिथेही आता ॲपवर सांगितलं की दहा मिनिटांत दारात भाजी येते. तो इथे झोपायच्या आधी नाशिकच्या सकाळची भाजी मागवतो. रोज, न चुकता. आईने या वयात मंडईत उन्हातान्हात फिरू नये, गुडघे सांभाळावेत, एवढीच त्याची इच्छा आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही.

गेल्या महिन्यात मी काकूंना फोन केला. कशा आहात, विचारलं. "मजेत," म्हणाल्या. "रोज सकाळी तो मुलगा पळत जिने चढून येतो. त्याला पाणी देते, भाजी घेते, समीरला मिळाली म्हणून कळवते. ती भाजी आमच्या कामवाल्या सुनीताला देऊन टाकते. आणि मग निघते."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? भाजी आणायला!"

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग ते थांबेना. काकू पलीकडून "अगं, काय झालं, काय झालं?" करत राहिल्या.

परवा समीर घरी आला होता. कॉफी पिता पिता जरा काळजीने म्हणाला, "काल दोन किलो तोंडली पाठवली. आज म्हणते संपली. एकटी बाई इतकं खाते तरी कशी?"

मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "भूक चांगली आहे रे त्यांची."

"हो ना?" तो म्हणाला, आणि त्याच्या जिवात जीव आला. त्याने फोन काढला आणि उद्यासाठी अडीच किलो मागवली.