धुतलेली चेन

सिद्धार्थ गेल्याची खबर द्यायला फोन आला, तेव्हा मी समोरच्याला म्हणालो, "दुकान नऊला उघडतं," आणि फोन ठेवून दिला. उस्मानपुऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि सिद्धार्थनं मोबाइलमध्ये माझं नाव नुसतं 'झेरॉक्स' असं टाकून ठेवलं होतं. वर अडीअडचणीला लावायचा नंबर म्हणूनही माझाच. दौलताबादच्या रस्त्यावर, मिटमिट्याच्या अलीकडं, कुणा भल्या माणसानं तो लावला आणि विचारलं, "आप झेरॉक्स बोल रहे क्या?" सकाळची वेळ, बाहेर परतीच्या पावसाची रिपरिप, मी पांघरुणात. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर मागणारं गिऱ्हाईक असणार, असं मी धरून चाललो. माणूस चिवट निघाला. परत फोन. "भाई, काटो मत. सायकलवाले अंकल हैं... टेम्पो ने उडा दिया." आयुष्यात मी पुष्कळ गाढवपणा केलाय आणि त्यातला बराचसा सिद्धार्थच्या साक्षीनं. हा एक तेवढा त्याच्या माघारी झाला. सांगता आला असता तर दौलताबादचा चढ चढेपर्यंत हसत राहिला असता.

टेम्पोवाल्यानं पोलिसांना सांगितलं, की सायकलची चेन उतरली, माणूस भेलकांडला आणि आपल्यापुढं आडवा आला. ब्रेक मारायला जागाच नव्हती. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. फोन करणारा तो भला माणूस मागून आलेला. गोष्ट सांगायला सोपी होती, त्यामुळं अंत्यविधीच्या आधीच ती सगळ्यांच्या तोंडी झाली. आमच्या सायकल ग्रुपनं चौकात फ्लेक्स लावला. त्यात सिद्धार्थ खालच्या कोपऱ्यात आणि त्याला श्रद्धांजली वाहणारे वर, मोठे मोठे, गॉगलसकट. त्याच फ्लेक्सखाली उभं राहून एकजण मला म्हणाला, "मेन्टेनन्सकडं लक्ष द्यायला पाहिजे राव माणसानं. चेन उतरून जीव जातो म्हणजे काय..." सिद्धार्थची चेन! तिच्यापायी मी इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. पुढं पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर शोभावहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याकडं तोंड करूनच म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. चेन उतरली होती का? ह्यांच्याच हातून काही राहून गेलं का?"

"नाही वहिनी."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही होतात का तिथं?"

नव्हतो. पाऊस बघून मी दांडी मारली होती आणि पाऊस बघून दांडी मारणाऱ्यांना तो 'मिठाची माणसं' म्हणायचा. वहिनींना त्या घडीला एवढंच कळायला हवं होतं, की चिडायचं कुणावर... टेम्पोवर, का नवऱ्यावर. नवऱ्यावर चिडायची पाळी आली तर त्या ते उरलेलं आयुष्यभर करतील, हे मला त्यांच्या पाठीकडं बघून दिसत होतं.

सिद्धार्थची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, प्लेटिंगला गेली. केमिस्ट्रीचा पदवीधर, आणि ते समोरच्याला विसरू न देणारा. क्रोम चढवायच्या आधी लोखंडावर तेलाचा कणही राहता कामा नये, अंगठ्याचा ठसा राहिला तरी तेवढ्या जागेचं क्रोम पुढं सालपटासारखं सुटतं, हे मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की प्लेटिंगचं दुकानही टाकू शकलो असतो. निवृत्त झाल्यावर ती नजर घरी आली. आधी कढयांवर पडली. वहिनींनी तिला उलथनं दाखवून हाकललं, तेव्हा ती खाली पार्किंगमध्ये सायकलच्या चेनवर जाऊन बसली. मग दर रविवारी तिथं बैठक. जुने टूथब्रश, वरण वाढायची एक निवृत्त वाटी आणि नाना बाटल्या. रॉकेल त्याचं लाडकं, पण रेशनवरचं रॉकेल गेलं तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखा तो गप्प होता. डिझेल चालतं, पण मागं चिकट थर ठेवतं. पेट्रोल तेल झटक्यात काढतं, पण वहिनी गॅसवर भाकरी करत असताना खाली कुणी पेट्रोलची वाटी घेऊन बसू नये. भांड्यांचं लिंबूवालं लिक्विड गरम पाण्यातून दिलं तर चांगलं, पण नंतर पाणी कड्यांच्या आत राहतं. शेवटी त्यानं संत्र्याच्या वासाचं एक परदेशी डिग्रीझर मागवलं आणि ते अत्तरासारखं जपून वापरायला लागला. "आधी बघायचं काय काढायचंय," तो सांगायचा. "धूळ, का तेल, का गंज? तिन्हीला एकच बाटली लावणारा माणूस म्हणजे तू."

ते खरंच होतं. एकदा मी संडास धुवायचं ॲसिड चेनला लावलं, कारण बाटलीवर 'हट्टी डाग' असं लिहिलं होतं आणि माझ्या चेनचे डाग माझ्याइतकेच हट्टी होते. चेन करडी पडली. सिद्धार्थनं ती बोटानं उचलली, उंदीर शेपटीनं उचलावा तशी. "शेठ, ॲसिडनं पोलाद ठिसूळ होतं. चढावर तुटली तर दात गोळा करायला मी थांबणार नाय." दुसऱ्यांदा तेल संपलं म्हणून शेंगदाण्याचं घातलं. आठ दिवसांत पडेगावची सगळी धूळ तिच्यावर बसून तिची चक्की झाली आणि घरी मुंग्यांची रांग लागली ती वेगळीच. त्यावर तो माझ्या बायकोला फोन करून म्हणाला, "वहिनी, ह्याला भजी तळायला पाठवू नका, सायकल तळतो." एका खंडेनवमीला मी झेंडूचे दोन हार घेऊन गेलो, एक माझ्या सायकलला, एक त्याच्या. तो पांढरा शर्ट इस्त्री करत होता; दसऱ्याला पांढऱ्या कपड्यांत लेण्यांवर जायचा त्यांच्या घरचा रिवाज, आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासूनचा. "हार दोन्ही तुझ्याच सायकलला घाल," म्हणाला, "तिला गरज आहे. माझीला ब्रश दे." आणि खरंच, इस्त्री बाजूला ठेवून तो खाली आला आणि दोन्ही चेन धुतल्या, आधी माझी.

अपघाताच्या आदल्या दिवशीही रविवार होता. त्यानं चेन काढून, धुऊन, उलट्या वाटीवर वाळवून ठेवलेली मी पाहिली. चांदीच्या साखळीसारखी दिसत होती. वर त्यानं कोरड्या जातीचं पातळ तेल लावलं, प्रत्येक कडीला एक थेंब, आणि ते पुन्हा पुसलं. माझ्या चेनकडं बघून म्हणाला, "हे गटार कधी उपसायचं?" मी म्हणालो, पुढच्या रविवारी.

म्हणून मी पोलीस ठाण्यात गेलो. सायकल जप्त होऊन तिथंच पडली होती आणि तिथले साहेब ती बघून शेरा मारणार होते, असं कळलं होतं. मला वाटलं, एकदा ती चेन साहेबांनी बघितली की विषय संपला. तशी चेन ठेवणाऱ्या माणसाची चेन उतरत नसते. मागचं चाक टेम्पोनं पार दुमडल्यावर ती चाकावरून निघणारच, पण ते नंतरचं. मी माझ्या सायकलवरच गेलो. पाऊस होताच. हवालदार चांगला माणूस होता, मला थेट मागच्या आवारात घेऊन गेला. मोडक्या मोटारसायकलींच्या मधे सिद्धार्थची सायकल भिंतीला टेकवलेली, वर पत्राही नाही. आणि चेन... शेंदूर फासल्यासारखी. एक कडी पांढरी राहिली नव्हती.

मी वाकून एकेक कडी बघितली. मग मला कळलं काय झालं होतं. तेल काढलं की लोखंड उघडं पडतं, हे त्यानंच शिकवलेलं. त्याचं ते कोरडं पातळ तेल उन्हाळ्याला आणि धुळीला. आठवडाभराच्या पावसापुढं ते टिकणार किती? चेन इतकी स्वच्छ होती, की गंजाला अडवायला तिच्यावर मळसुद्धा नव्हता. हे मी हवालदाराला समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे काका, तुमचं म्हणणं, चेन स्वच्छ होती म्हणून गंजली."

"हो."

"आन् घाण असती तर गंजली नसती."

"बरोबर."

"व्हय. आन् हे मी साहेबांना सांगू? मला लेखी विचारतील, काय घेतलं होतं म्हणून."

मग माझ्या डोक्यात माझ्या पद्धतीची कल्पना आली. मी माझी सायकल ओढत आणली. "ही बघा. हीही ह्याच पावसात उभी असते, रोज दुकानाबाहेर. हिची चेन मी कित्येक महिन्यांत धुतलेली नाही. आहे का गंज?" हवालदारानं वाकून पाहिलं, बोट फिरवलं, काळंभोर झालेलं बोट माझ्यापुढं धरलं आणि त्याचा चेहरा खुलला. "बघा! चेन कशी तेलात आहे. अशी ठेवावी लागती काका. तुमच्या मित्रानं तुमच्याकडून शिकायला पाहिजे होतं."

सायकलच्या निगेबद्दल मला आयुष्यात मिळालेली ती पहिली आणि एकमेव शाबासकी. खिशात संत्र्याच्या वासाची बाटली होती, सिद्धार्थच्या पार्किंगमधून उचललेली. मी ती काढली तसा तो म्हणाला, "नाय नाय. मुद्देमाल आहे तो. पुसायचा नसतो." त्याचं बरोबर होतं. पुसून तरी काय दाखवणार होतो...

साहेबांचा शेरा यथावकाश झाला. साखळी गंजलेली, देखभालीचा अभाव. त्या कागदाच्या प्रती माझ्याच दुकानात, मीच काढल्या, कारण वहिनींना त्या पुढं कुठं कुठं लागणार होत्या. इतकी वर्षं लोकांच्या कागदांकडं न बघता नकला काढल्या. हा कागद मी मशीनवर पालथा घातला आणि उगीचच झाकणावर हात दाबून उभा राहिलो. यंत्र मात्र यंत्रासारखं चाललं, प्रत्येक प्रत पहिल्याइतकीच स्पष्ट.

वहिनींना कागद दिला तेव्हा त्यांनी तो वाचला, त्याची घडी केली आणि माझ्याकडं बघितलं. हवालदाराला सांगितलेलं सगळं मी पुन्हा सांगायला लागलो, आणखी वाईट पद्धतीनं. पोलाद, तेल, थर, पाणी असं काहीतरी बरळत होतो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"लोखंडी तवा साबणानं लख्ख घासून ओला ठेवला, की सकाळी तांबूस होतो. तसंच ना?"

"तसंच, वहिनी."

"आणि तेलकट राहिला तर वर्षभर काही होत नाही."

"नाही होत."

"मग हे त्या साहेबांच्या घरी कुणाला ठाऊक नाही का?" एवढं बोलून त्या रडल्या. मी त्यांना रडताना त्याच दिवशी पाहिलं. मग डोळे पुसून त्यांनी त्या टेम्पोवाल्याला अशा शिव्या दिल्या, की मला जरा बरं वाटलं. केसचं काय होईल ते होईल. वकील म्हणतो, शेरा आडवा येईल. ग्रुपमध्ये अजून त्या चेनचा दाखला देऊन नव्या पोरांना मेन्टेनन्सवर भाषण देतात आणि मी ते ऐकून घेतो, कारण एकदा समजावायला गेलो तर त्यांनी माझी चेन बघितली.

सायकल परत मिळाली तेव्हा आम्ही ती लोडिंग रिक्षातून आणली आणि पार्किंगमध्ये, तो बसायचा त्याच खांबाला टेकवून ठेवली. मी ब्रश घ्यायला वाकलो तर वहिनी म्हणाल्या, राहू द्या, हात नका लावू. तेव्हापासून ती तशीच आहे. परवा सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. माणूस अदबीचा, आधी सिद्धार्थच्या दोन आठवणी काढल्या, मग म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण तेवढं भंगार हलवता आलं तर... दिवाळीआधी पार्किंग स्वच्छ करायचं ठरलंय."

वहिनी पायरीवर उभ्या होत्या. सेक्रेटरींकडं नाही, सायकलकडं बघत म्हणाल्या, "ती धुतलेली आहे."

सेक्रेटरींनी सायकलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "रविवारीच धुतलीय."