अण्णाकाकांच्या कादंबरीतलं पाणी

मालाडच्या वाचनालयात त्या दिवशी मी भर सभेत ओरडले. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी मॅट्रिकला होते… अजूनही आठवलं की डोकं तापतं.

निमित्त होतं अण्णाकाकांच्या कादंबरीच्या हस्तलिखितावरच्या चर्चेचं. अण्णाकाका माझे सख्खे काका. महायुद्धात ब्रह्मदेशात पलटणीचे पंडित होते. जवानांसाठी पूजा सांगायची, गेलेल्यांना अग्नी द्यायचा, ही नोकरी.

कादंबरीचा नायकही असाच पंडित. सोवळं सांभाळत आघाडीवर गेलेला… आणि शेवटी मरणाऱ्या एका दलित शिपायाला स्वतःच्या तांब्यातलं पाणी पाजणारा.

अध्यक्ष म्हणाले, "युद्धाचं वर्णन उत्तम. पण तो पाण्याचा प्रसंग काढून टाका. टाळ्यांसाठी घुसडलाय. पलटणीत गेला म्हणून ब्राह्मण असा वागत नाही." लोक चक्क हसले!

माझं टाळकंच फिरलं. ताडकन उठले. "माणूस मरतोय आणि तुम्हाला सोवळं सुचतंय? लाज नाही वाटत?"

"खाली बस गं," काका म्हणाले आणि स्वतः उभे राहिले. मला वाटलं, आता हे अध्यक्षांची चांगली खरडपट्टी काढणार…

"अध्यक्षांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "तसं घडलं नाही. त्या पोराने पाणी मागितलं, तेव्हा तांब्या माझ्या हातात होता. बाटेल म्हणून मी दुसऱ्या कोणाची तरी बाटली शोधायला गेलो. परत आलो तोवर तो संपला होता. सखाराम त्याचं नाव."

मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "पुस्तकातल्या पंडिताने तरी त्याला पाणी द्यावं, म्हणून लिहिलं. ते मी काढणार नाही."

अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानून सभा गुंडाळली.

घरी येताना मी काकांच्या दहा पावलं पुढे चालत राहिले. यांच्यासाठी मी भांडले होते… यांच्यासाठी! दारात मात्र राहवलं नाही.

"पाणीच मागितलं होतं ना हो त्याने?"

"हो."

बस. युद्ध, संस्कार, जुना काळ… कशाचीही ढाल केली नाही. नुसते म्हणाले, "रागव. इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी रागावलंच नाही गं."

मी रागावले. कित्येक महिने. आजही तो राग पुरता गेलेला नाही. पण तो गिळून टाक असं त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.